कर्बल स्पेस प्रोग्रॅम: सात महिने खेळल्यावर नवख्यांसाठी चार गोष्टी

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या रॉकेट बांधून उडवायच्या संगणक-खेळात माझ्या पहिल्या रॉकेटचं पॅराशूट इंजिनाबरोबरच उघडलं. दोन्ही एकाच टप्प्यात, म्हणजे स्पेसबारच्या एकाच दाबात सुरू होणाऱ्या भागांत, ठेवली होती आणि स्पेसबार दाबेपर्यंत उजव्या-डाव्या कडेच्या कुठल्याही यादीकडे मी बघितलं नव्हतं. रॉकेट जरा वर गेलं, छत्री फुलली, वाढत्या वेगानं फाटून गेली, आणि पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणानं पाहिलं. आत बसलेला जेबेडाया, खेळातला अंतराळवीर, शेवटपर्यंत हसत होता. तेव्हापासून उड्डाणाआधी टप्प्यांची यादी खालून वर बोट ठेवून वाचायची सवय लागली. सात महिन्यांत साधारण तीनशे तास खेळले, तरी ती सवय सोडायची हिंमत नाही.

खेळ जुना आहे. लोकांच्या हाती पहिल्यांदा आला २०११ साली, १.० आवृत्ती आली एप्रिल २०१५ मध्ये. दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला, आला खरा, पण तो पूर्णत्वाला गेला नाही. तेव्हा नवख्यांनी पहिलाच घ्यावा. जॉयस्टिक लागत नाही. मी सगळं कीबोर्ड आणि माउसवर केलं.

सुरुवातीचे दोन आठवडे मी एकाच खुळात होते: वर, अजून वर. रॉकेट सरळ सोडायचं, कर्बिनचं, म्हणजे खेळातल्या पृथ्वीचं, वातावरण ७० किलोमीटरवर संपतं ते ओलांडायचं, आकाश काळं झालं की टाळ्या वाजवायच्या, आणि थोड्याच वेळात तेच रॉकेट आल्या वाटेनं खाली. मग मोठी टाकी लावायची. आणखी उंच, आणि पुन्हा खाली. कक्षा म्हणजे उंची नव्हे, आडवा वेग, हे वाचलेलं होतं. हाताला कळलेलं नव्हतं. ८० किलोमीटरवर टिकायचं तर जमिनीला समांतर सेकंदाला सुमारे २,२८० मीटर वेग हवा. पडणं थांबत नाही. पडता पडता इतकं पुढे निघून जायचं की खालची जमीनच वळत जाते. पृथ्वीभोवती हाच वेग सेकंदाला जवळजवळ ७.८ किलोमीटर लागतो. कर्बिनची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर ठेवल्यामुळे आपल्यासारख्यांचं निभावतं.

त्यामुळे रॉकेट सुटल्यावर लगेच, वेग सेकंदाला पन्नास ते शंभर मीटरच्या दरम्यान असतानाच, पूर्वेकडे पाच-दहा अंश झुकवा. पूर्वेकडे अशासाठी, की कर्बिनचं स्वतःचं फिरणं फुकटात मिळतं. मग हळूहळू कलत जाऊ द्या. दहा-बारा किलोमीटरवर ४५ अंशांच्या आसपास असलात की ठीक. नकाशात कक्षेचा सर्वांत उंच बिंदू ८० किलोमीटरला पोचला की इंजिन बंद. त्या बिंदूशी पोचताना पुन्हा आडवं इंजिन लावायचं, आणि कक्षेची खाली बुडालेली बाजू वातावरणाच्या बाहेर येईपर्यंत लावून ठेवायचं. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि इंधन जवळपास शून्य होतं. परत यायची सोयच नव्हती. तरी झोप छान लागली.

झुकवताना रॉकेट कोलांटी मारत असेल तर दोष तुमच्या हाताचा नसतो, बांधणीचा असतो. बाणाला पिसं मागे का लावतात आणि टोक जड का ठेवतात, तेच इथे. वजन पुढे, पंख मागे. डोक्यावर रुंद, हलकं, हवा अडवणारं काही बसवलंत तर यान शेपूट पुढे करून उडायला बघणारच.

आता डेल्टा-व्ही. हा शब्द ऐकून पळून जाऊ नका. यान आपला वेग एकूण किती बदलू शकतं, त्याची ही शिदोरी. खेळ प्रत्येक टप्प्याचा आकडा स्वतःच दाखवतो. कर्बिनच्या खालच्या कक्षेत जायला सुमारे ३,४०० मीटर प्रतिसेकंद खर्च होतात. तिथून चंद्राकडे, म्हणजे 'मन'कडे निघायला ८६०, तिथे कक्षेत शिरायला ३१०, उतरायला ५८०. परतताना पुन्हा ५८० आणि ३१०. शेवटचं काम पॅराशूट करतं. बेरीज सहा हजारांच्या थोडी वर जाते, आणि नवख्यानं वर आणखी हजारभर ठेवावेत, कारण नवखा इंधन सांडतो. इंधन संपलं की टाकी वाढवायची, हा माझा जुना उपाय मात्र फार पुरत नाही. वाढवलेलं इंधन उचलायलाही इंधन लागतं. रशियन शास्त्रज्ञ सिओल्कोव्हस्कीनं १९०३ मध्ये मांडलेलं समीकरण हेच सांगतं आणि खेळ ते तुमच्या डोळ्यांदेखत वसूल करतो. म्हणून यान उलटीकडून बांधा. आधी परत येणारी कुपी, मग तिला उचलणारं उतरणयान, मग त्याला तिथवर नेणारा टप्पा, आणि सगळ्यात शेवटी खालचं धूड.

माझं मत विचाराल तर पहिलं उतरणं 'मन'वर करूच नका. (नाव 'मून' उच्चारणारेही आहेत. मी 'मन' म्हणते. मनावर आदळण्याची मजा मराठीतच.) कर्बिनचा दुसरा चंद्र मिनमस जवळपास चौपट दूर आहे, पण इतका हलका की जाऊन-येऊन एकूण पाच हजारांच्या आसपास भागतं. कक्षा सहा अंश कललेली आहे, तेवढं सांभाळावं लागतं. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या विसाव्या हिश्शाचं, त्यामुळे चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. शिवाय तिथे मोठी सपाट मैदानं आहेत.

सपाटीचं महत्त्व मला 'मन'नं शिकवलं. उंचीमापक तीन हजार दाखवत होता, मी निवांत होते, आणि त्या जागी जमीनच मुळी शून्य पातळीपासून अडीच हजारांच्या वर होती. जमिनीपासूनची उंची दाखवायचा पर्याय तिथेच, आकड्याशेजारी असतो. त्या दिवशी आत बसलेला अंतराळवीर बॉब वाचला, यान वाचलं नाही. दुसऱ्या खेपेला यान उंच आणि पाय अरुंद ठेवल्यामुळे उतारावर कलंडलं. तिसऱ्यांदा बुटकं, पसरट यान नेलं आणि उतरण्याआधी आडवा वेग पूर्ण मारला. टेकलं.

'मन'वर अडकलेल्या बॉबला परत आणायला भेट, म्हणजे कक्षेत फिरणाऱ्या दुसऱ्याला गाठणं, शिकावी लागली, आणि आख्ख्या खेळात डोकं सर्वांत जास्त पिळणारी गोष्ट तीच. कसाबसा कक्षेत पाठवलेला बॉब पुढे, मी त्याच कक्षेत मागे. साहजिकच त्याच्याकडे तोंड करून इंजिन लावलं. माझी कक्षा मोठी झाली, फेरीला वेळ जास्त लागू लागला, आणि बॉब आणखी लांब गेला. पुढच्याला गाठायचं तर वेग कमी करून खालच्या, छोट्या कक्षेत उतरायचं. तिथे फेरी लवकर पुरी होते. यात लाज वाटायचं कारण नाही. जून १९६५ मध्ये नासाच्या जेमिनी ४ यानातून जेम्स मॅकडिव्हिटनं आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, त्याच्या दिशेनं जोर लावला आणि इंधन घालवून नाद सोडला. डिसेंबरात जेमिनी ६ए आणि ७ यांची भेट झाली ती कक्षांचं गणित सांभाळून. खेळात शेवटचे काही किलोमीटर उरले की नॅव्हबॉल, म्हणजे पडद्यावरचा दिशा दाखवणारा गोळा, 'टार्गेट'वर न्या, जवळ आल्यावर सापेक्ष वेग शून्य करा, मग हलकेच त्याच्याकडे सरका, पुन्हा शून्य करा. घाई केलीत तर शेजारून सुसाट निघून जाल.

करिअर मोडनं सुरुवात करू नका. पैसे आणि कंत्राटं सांभाळण्यात जीव जातो आणि कहर म्हणजे मार्गबदलाचं नियोजन करणारे नोड इमारती वाढवेपर्यंत बंद असतात. ज्याला त्यांची सर्वाधिक गरज, त्यालाच ते नाहीत. सायन्स मोड बरा: सुटे भाग थोडेथोडे मिळतात, पैशाची कटकट नाही. खेळातले धडे त्रोटक आहेत. लांब रॉकेटं मधूनच लचकतात आणि भागांची संख्या वाढली की संगणक धापा टाकतो. एफ ५ नं जतन, एफ ९ नं मागे. याला लबाडी म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. जोडखेळ, म्हणजे मूळ खेळाच्या पुरवण्या, नंतर घ्या.

सध्या माझं पहिलं माणसं बसवलेलं यान ड्यूनाच्या, म्हणजे खेळातल्या मंगळाच्या, वाटेवर आहे. निघायची योग्य वेळ साधारण दोन कर्बिन वर्षांतून एकदा येते, म्हणून सगळं तीनदा तपासलं होतं: पॅराशूट, सौरपट्ट्या, अँटेना, टप्पे. निघून शंभर दिवस झाल्यावर यान जवळून फिरवून बघितलं, तर शिडी लावलेलीच नाही.