कस्टम बेससाठी पिकअप: पी, जे, हंबकर की सोपबार?

कस्टम बेस गिटार बनवून घ्यायचं ठरलं की आधी लाकडावर काथ्याकूट होतो, मग रंगावर, आणि अगदी शेवटी पिकअपवर (तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक आणि कॉइलचा भाग). तेव्हाही कंपनीबद्दलच विचारलं जातं, "सेमूर डंकन टाकू की बार्टोलिनी?" माझ्या मते क्रम उलटा हवा आणि प्रश्नही वेगळा. कंपनी पुढे कधीही बदलता येते. चार स्क्रू काढले, वायरी सोल्डर केल्या की काम झालं. बॉडीत लाकूड कोरायच्या राउटरने पाडलेला पिकअपचा खड्डा आणि त्याचं ब्रिजपासूनचं (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथपासूनचं) अंतर मात्र कायमचं. त्यामुळे आधी जागा आणि आकार ठरवा, नाव नंतर.

तार ब्रिजजवळ कमी हलते, नेककडे जास्त. म्हणून तोच पिकअप नेककडे बसवला तर आवाज गोल आणि भरदार येतो, ब्रिजकडे सरकवला तर कडक, जरा नाकातला. दहा मिलिमीटरचाही फरक पडतो. साठच्या दशकातल्या जॅझ बेसचा (फेंडर कंपनीचं मॉडेल, त्याचाच पिकअप म्हणजे 'जे') ब्रिज पिकअप सत्तरच्या दशकात साधारण तेवढाच ब्रिजकडे सरकला. बेसवादकांपैकी जॅको पास्टोरियसचा फ्रेटलेस (मानेवर फ्रेट नसलेला) बेस साठच्या जागेचा आणि मार्कस मिलरचा १९७७चा बेस सत्तरच्या जागेचा. दोघांच्या आवाजातला सगळा फरक काही या सेंटिमीटरभराचा नाही, हात त्यांचेच आहेत, पण स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) मुख्य असेल तर सत्तरची जागा आणि बोटांनी वाजवायचं असेल तर साठची, एवढं बिनधास्त सांगता येतं.

पी विरुद्ध जे

फेंडरचाच प्रिसिजन बेस, म्हणजे 'पी', १९५१चा. आज ज्याला आपण पी पिकअप म्हणतो तो दोन तुकड्यांचा, म्हणजे स्प्लिट कॉइल, १९५७मध्ये आला. एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जीखाली. दोन्ही कॉइल एकमेकींच्या उलट्या, त्यामुळे हम, म्हणजे विजेच्या लाइनमुळे येणारी गुणगुण, आपोआप कटतो. आवाज एकच, पण मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) ठासून भरलेले. जेम्स जेमरसनने फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा लावून मोटाऊन या अमेरिकन सोल-संगीत कंपनीची कितीतरी गाजलेली गाणी याच एका पिकअपवर वाजवली.

१९६०च्या जॅझ बेसमध्ये दोन सिंगल कॉइल, म्हणजे प्रत्येकी एकाच कॉइलचे पिकअप. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले तर मिड्समध्ये खळगा पडतो आणि वरची चमक पुढे येते. घरी, एकट्याने वाजवताना हा आवाज पीपेक्षा हमखास सुंदर वाटतो. बँडमध्ये बसलं की गंमत कळते. कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि ऑक्टापॅडचा किक यांच्यात जे दबतो, पी वर राहतो. मग जेवाला नेक पिकअप थोडा कमी करून ब्रिजचा मिड पुढे आणतो, आणि तिथेच हम सुरू होतो. कारण जेचे दोन पिकअप एकमेकांचा हम कापतात ते दोघं सारखे उघडे असतानाच.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे हम तुमच्या सुराला अगदी खेटून बसतो. ईक्यूने (इक्वलायझरने) कापायला जावं तर सूरही जातो. गणपतीच्या मांडवात एकाच लाइनवर डिमर, एलईडीची भिंत आणि जनरेटर असतो, अर्थिंग देवाच्या भरवशावर. तिथे नुसता सिंगल कॉइल घेऊन जाणाऱ्याला माझा नमस्कार. आतून तांब्याची पट्टी लावून केलेलं शिल्डिंग बझ कमी करतं, पण कॉइलने चुंबकीय क्षेत्रातून उचललेला ५० हर्ट्झचा हम त्याने जात नाही. जे हवाच असेल तर हम कापणारा जे घ्या, जेच्याच मापात एकावर एक किंवा शेजारी दोन कॉइल असलेला. अस्सल सिंगल कॉइलची थोडी हवा त्यात कमी होते, हे मान्य करूनच.

पीजे, म्हणजे एक पी आणि एक जे, हा मधला मार्ग, आणि एकच बेस घेऊन लग्नाच्या संगीतापासून स्टुडिओपर्यंत सगळीकडे जाणाऱ्याला मी तोच सुचवेन. अट एकच: जे हम कापणाराच हवा. पी स्वतःपुरता शांत असतो, शेजारच्या साध्या जेचा हम तो कापत नाही. शिवाय पी जात्याच मोठ्याने बोलतो, तेव्हा जे जरा जोरकस निवडा.

हंबकर आणि सोपबार

म्युझिक मॅन स्टिंगरे १९७६चा. एकच जाड हंबकर (हम कापणारा दोन कॉइलचा पिकअप), पीपेक्षा ब्रिजच्या जवळ, कॉइल पॅरलल, सोबत प्रीअँप (बेसमध्येच बसवलेला बॅटरीवरचा छोटा अँप). शिक (Chic) बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सचा फंक आठवा. आवाज झणझणीत, पण रंग एकच. सिरीज–पॅरलल स्विच लावून घेतला तर सिरीजमध्ये मिड जाड होतो, पॅरललमध्ये खुलतो, आणि दोन्हीकडे हम कटलेलाच राहतो.

पाच तारांचा बेस करत असाल तर मी सरळ सोपबारकडे, म्हणजे साबणाच्या वडीसारख्या डब्यातल्या पिकअपकडे, जाईन. पाच तारांसाठी पी तीन–दोन असा तोडावा लागतो, त्याला पर्याय कमी. सोपबारच्या एकाच डब्यात सिंगल, दुहेरी किंवा स्प्लिट, हवी ती रचना मिळते, म्हणजे पुढे मन बदललं तरी त्याच मापाचा दुसरा डबा घेतला तर खड्डा तोच राहतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. ॲक्टिव्ह प्रीअँप वेगळा, ॲक्टिव्ह पिकअप वेगळा. पॅसिव्ह पिकअपसोबत प्रीअँप लावला आणि बायपास स्विच ठेवला तर बॅटरी मेली तरी कार्यक्रम चालू राहतो. ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह पिकअपमध्ये ९ व्होल्टची बॅटरी गेली की आवाजच गेला. उलट बाजूने, ते फार शांत असतात आणि ब्रिजला अर्थची वायर जोडावी लागत नाही. खराब अर्थिंगच्या स्टेजवर ओठ माइकला टेकल्यावर शॉक खाल्लेल्याला याची किंमत कळेल. पॉट्सही (व्हॉल्यूम–टोनच्या बटणांखालचे रेझिस्टर) वेगळे: त्यांना २५ के, तर पॅसिव्ह पी–जेला २५० के. एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत.

चुंबक अल्निको की सिरॅमिक, कॉइलचं वाइंडिंग (वेढे) किती, हे सगळं यानंतर. आणि पिकअप हातात आल्याशिवाय खड्डा पाडू देऊ नका. सोपबारची मापं आणि कोपऱ्यांची गोलाई कंपनीगणिक बदलते. पारंपरिक जे सेटमध्येही ब्रिजचा पिकअप नेकच्यापेक्षा सुमारे ३ मिमी लांब असतो, आणि काही सेट मात्र दोन्ही सारख्याच लांबीचे येतात.