ठिबकला ॲसिड द्यायचंय: हायड्रोक्लोरिक घ्यावं की फॉस्फोरिक?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात बोअरचं पाणी किती जड लागतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. कूलरच्या जाळीवर उन्हाळाभरात जो पांढरा थर चढतो, तोच ठिबकच्या नळीवरच्या ड्रिपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशीही चढतो. फक्त तो दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की एकाच ओळीत चार खोडं डेरेदार आणि पाचवं खुरटलेलं. त्यामुळे तो थर विरघळवायला ॲसिड द्यायचं की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. कोणतं द्यायचं, यावर मात्र पारावर अजून वाद होतात. मी दोन्ही वापरली आहेत, तेव्हा माझं मत सांगतो. ज्याची त्याची सोय वेगळी, हे आधीच मान्य.

सल्फ्युरिकचा विषय आधी संपवून टाकू, कारण कोणी ना कोणी ते सुचवतोच. स्वस्त आहे आणि थोडंच लागतं, हे खरं. जुन्या माणसांना ते ओळखीचंही आहे, सरकीची लव काढायला वापरायचे. पण 98 टक्क्यांचं सल्फ्युरिक पाण्यात पडलं की प्रचंड उष्णता निघते. ॲसिडवर चुकून पाणी ओतलं तर ते जागेवरच उकळून तोंडावर उडतं. पातळ केलेल्या ॲसिडचा सदऱ्यावर पडलेला बारीक थेंब तेव्हा कळतही नाही. त्यातलं पाणी उडून जातं, ॲसिड कापडातच राहतं आणि पुढच्या धुण्यात तिथे भोक पडतं. शिवाय आपल्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, त्याचं सल्फेट म्हणजे जिप्सम. ते नळीत बसलं तर पुन्हा ॲसिडने सहज सुटत नाही. सालदाराच्या हातात हा डबा द्यायला माझं मन धजत नाही. बस, एवढंच.

आता खरी निवड. हायड्रोक्लोरिकच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. ते सगळीकडे मिळतं, खिशाला परवडतं आणि चुन्याच्या थरावर सोडल्याबरोबर फसफसून काम करतं. त्यातून होणारं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात पूर्ण विरघळतं, म्हणून नवीन साका बसण्याची भीती नाही. क्लोराइडने केळीची पानं करपतात असं काही जण म्हणतात. वर्षातून दोन-तीनदा दिलेल्या ॲसिडमुळे तसं झालेलं मी तरी पाहिलं नाही. नळ्या खरंच चोंदल्या असतील, ड्रिपर फोडल्यावर आत दगडासारखं कवच निघत असेल, तर आजही मी पहिला हात हायड्रोक्लोरिकचाच मारीन.

मग अडलं कुठे? खोलीत.

आपल्या शेतात खोली असते एकच. तिच्यातच मोटरचा स्टार्टर, तिच्यातच फवारणीचा पंप, नट-बोल्टचे पाने, पक्कड, तारेचं भेंडोळं, खताच्या गोण्या आणि सालदाराची खाट. ॲसिडचा कॅन बाहेर ठेवावा तर पोरं-ढोरं फिरतात, उन्हाने प्लास्टिक कडक होतं. म्हणजे तो खोलीतच येतो. आणि हायड्रोक्लोरिक म्हणजे मुळात पाण्यात कोंडलेला वायू. झाकण कितीही आवळा, तो झिरपतोच. झाकणाच्या आट्यांवर पांढुरकी भुकटी दिसायला लागली की समजायचं, वायू बाहेर पडतोय. पावसाळ्यात तर त्याला हवेतली ओल आयतीच मिळते. आधी पान्यांवर तांबूस पूड येते, मग दाराची बिजागरी कुरकुरते. स्टार्टर उघडला तर तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसतं आणि काँटॅक्ट पॉइंट काळे पडलेले. लाइट रात्रीची, मोटर सुरू व्हायला मागत नाही, आणि बॅटरीच्या उजेडात आपण पॉलिश पेपरने पॉइंट घासत बसतो. वायरमनला विचारलं तर तो म्हणतो, होल्टेज कमी-जास्त होत असेल. असेलही. माझ्याकडे काही मीटरचे आकडे नाहीत. पण कॅन खोलीतून गेल्यापासून त्या पट्ट्या हिरव्या झाल्या नाहीत, एवढं मला माहीत आहे.

त्यात आपला उन्हाळा. 38 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक साधारण 48 अंशांलाच उकळायला लागतं. बाजारातलं जरा पातळ असतं, म्हणून थोडी सवलत मिळते. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे सावलीतच पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. अशा दिवशी झाकण फिरवलं की आधी फुस्स करून वाफ येते, नाकाच्या शेंड्यापासून घशापर्यंत झोंबत जाते. रुमाल बांधून उपयोग नाही, वायू कापडातून सहज पार होतो. उघडायचंच असेल तर पहाटे, मोकळ्यावर, वाऱ्याकडे पाठ करून.

फॉस्फोरिकला यातलं काही नाही. 85 टक्क्यांचं दाट, पाकासारखं द्रव; ना धूर, ना वास. स्टार्टरच्या शेजारी ठेवलं तरी स्टार्टरला त्याचा पत्ता नसतो. फिल्टरच्या स्टीलच्या जाळीलाही हायड्रोक्लोरिकपेक्षा ते सौम्य, कारण स्टेनलेस स्टीलला टोचतं ते मुख्यतः क्लोराइड.

महाग आहे, हे कबूल. दुकानात भाव ऐकून परत फिरणारे मी पाहिलेत. पण हिशेब पुरा करा. त्याच्या 1 लिटरमध्ये स्फुरद (खताच्या हिशेबातलं, म्हणजे P2O5) जवळपास 1 किलो असतं. ते केळीच्या मुळाशीच जातं, म्हणजे खताच्या डोसातून तेवढं कमी करता येतं. लागतंही जरा कमी. पाण्याच्या अहवालात क्षारता (अल्कलिनिटी, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला 400 मिलिग्रॅम असेल, तर पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा) 4 वर आणायला 35 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक लिटरला सुमारे 0.7 मिली आणि 85 टक्क्यांचं फॉस्फोरिक सुमारे 0.55 मिली, असं गणित निघतं. गणितावर न थांबता बादलीभर पाण्यात पीएच पट्टीने तपासून घ्यावं. बाकी पद्धत दोन्हींना एकच: शेवटच्या ड्रिपरला पीएच 4 दिसेपर्यंत सोडायचं, 24 तास नळ्या भरलेल्या ठेवायच्या, मग शेंड्याची टोपणं उघडून धुवायचं. ते पहिलं गढूळ पाणी बैलांनी-शेळ्यांनी पिऊ नये, एवढं पाहावं.

फॉस्फोरिकचेही नखरे आहेत, ते लपवणार नाही. पहिला सगळ्यात मोठा: कंजुषी चालत नाही. महाग म्हणून हात आखडला आणि पीएच पुरता उतरला नाही, तर जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचं जमतं आणि कॅल्शियम फॉस्फेटचा साका नळीत बसतो. थर काढायला गेलो आणि नवा घालून आलो, अशी गत. याच कारणाने कॅल्शियम नायट्रेट खत त्याच टाकीतून, त्याच दिवशी कधीच सोडायचं नाही. दुसरा: सारखं देत राहिलं तर जमिनीत स्फुरद साचतं आणि केळीला जस्त मिळेनासं होतं. तिसरा हिवाळ्याचा. हे द्रव साधारण 21 अंशांखाली गोठू शकतं, आणि धुळ्याकडच्या थंडीत तर पारा एक आकड्यावरही येतो. कॅनच्या तळाशी खडीसाखरेसारखे खडे दिसले म्हणजे माल खराब झाला असं नाही. झाकण सैल करून कॅन कोमट पाण्यात उभा केला की ते विरघळतात. जाळावर मात्र धरू नये.

चौथी गोष्ट नखरा नव्हे, धोका आहे. वास नसल्यामुळे माणूस गाफील होतो. हायड्रोक्लोरिक नाकाला झोंबून स्वतःच ओळख देतं, हे गप्प असतं. कॅनच्या मुठीवर ओघळलेला थेंब उडून जात नाही. दिवसेंदिवस तसाच ओला राहतो, आणि पुढचा माणूस उघड्या हाताने मूठ धरतो. मग तोच हात डोळ्याला. म्हणून वापरल्यावर कॅन बाहेरून भरपूर पाण्याने धुणं आणि जाड अक्षरात नाव लिहिणं हे मी घरात सक्तीचं केलंय. उरलेलं ॲसिड थंड पेयाच्या बाटलीत तर कुणीही, कधीही भरू नये.

बाकीचं पथ्य दोघांनाही सारखंच. रबरी हातमोजे, चष्मा, प्लास्टिकची बादली. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नाही. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, बारीक धारेने. आणि शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर देत असाल तर ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यातून, मधे नळ्या पूर्ण धुऊन. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसावर जातो. ॲसिड अंगावर उडालं तर कपडे काढून किमान 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ, आणि मग थेट दवाखाना. जखमेवर सोडा-चुना चोळायचा नाही. सोडा जमिनीवर सांडलेल्यासाठी.

तर नाना, अण्णा, ज्यांच्या मळ्यात वेगळी, हवेशीर, लोखंड नसलेली कोठी आहे, त्यांनी हायड्रोक्लोरिक सोडायचं काही कारण मला दिसत नाही. स्वस्तात काम होतं. नळ्या जुन्या आणि कवच धरलेल्या असतील तर तेच आधी. पण माझ्यासारखी एकच खोली असेल, तर एकदा हायड्रोक्लोरिक मोजून आणून त्याच दिवशी संपवावं आणि पुढची देखभाल फॉस्फोरिकवर करावी. मी तेच करतो.

दुकानात जाताना ओळखपत्र न्या. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली तेव्हापासून दुकानदाराला नाव, पत्ता आणि कारण वहीत लिहून घ्यावं लागतं, 18 वर्षांखालच्याला देता येत नाही. पोराला पाठवू नका. आणि कॅनवर टक्केवारी छापलेली नसेल, सील नसेल, तर भाव कितीही चांगला असो, घेऊ नका. टक्केवारीच माहीत नसेल तर वर सांगितलेले मिलीचे आकडे काही कामाचे नाहीत.