घर विकायचंय : दर्शनी बाजूवर पैसा कुठे घालावा, कुठे हात आखडावा

नाशिकच्या इंदिरानगरमधलं आईबाबांचं रो हाउस विकायला काढलं तेव्हा घरात दोन पक्ष पडले. भाऊ म्हणाला, समोरच्या भिंतीला क्लॅडिंग, म्हणजे वरून दगडाचं किंवा टाइलचं आवरण, करू, नवं गेट बसवू, मग भाव येईल. मी म्हटलं, आधी आहे ते नीट करू. शेवटी बहुतेक माझंच झालं, पण एका जागी मी घाई केली आणि ती महागात पडली. घर सिडकोत असो की पंचवटीत, हे प्रश्न सगळ्यांपुढे येतात, म्हणून पर्याय शेजारी शेजारी ठेवून लिहिते.

सिमेंट पेंट की एक्स्टीरियर इमल्शन?

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. सिमेंट पेंट म्हणजे पाण्यात कालवून लावायची पूड, इमल्शन म्हणजे बादलीत मिळणारा तयार रंग. दुकानात जाण्याआधी भिंतीवरून तळहात फिरवा आणि तांब्याभर पाणी मारून बघा. हाताला भुकटी लागली, पाणी लगेच शोषलं जाऊन भिंत काळपट झाली, तर बहुधा जुना सिमेंट पेंट आहे. पाणी ओघळून खाली आलं तर वर इमल्शनचा थर आहे. तसं असेल तर प्रश्नच मिटला, कारण सिमेंट पेंटला पाणी पिणारी भिंत लागते, इमल्शनवर तो धरत नाही.

भिंत सिमेंट पेंटची असेल तर मात्र दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. सिमेंट पेंट बराच स्वस्त. पण लावण्याआधी भिंत भिजवावी लागते आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी मारावं लागतं. ही तराई चुकवली की रंग हाताला येतो, आणि घर बघायला आलेला माणूस भिंतीला हात लावतोच. इमल्शनचं सगळं उलट. भिंत कोरडी ठणठणीत हवी, जुनी भुकटी तारेच्या ब्रशने खरवडून प्रायमर मारायला हवा, नाहीतर नव्या रंगासकट पोपडे निघतात. म्हणजे मजुरी वाढते. त्या बदल्यात रंग एकसारखा बसतो आणि पावसाची सर आली तरी भिंत डागाळलेली दिसत नाही.

विकणाऱ्याला सात वर्षं टिकणारा रंग कशाला, असं भाऊ म्हणायचा. बरोबरच आहे ते. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला : समोरची भिंत इमल्शनने, मागची आणि बाजूची सिमेंट पेंटने. समोरची भिंत वीस बाय वीस, म्हणजे ४०० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता ३०० उरली. गुळगुळीत भिंतीवर रंगाच्या दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, लिटरमागे साधारण ५० चौरस फूट धरले तर सहा लिटर. आमचं सँडफेस, म्हणजे वाळूसारखं खरखरीत प्लास्टर जास्त रंग पितं, म्हणून दहा लिटरची बादली आणली. घरभर महाग रंग मारायचा विचार असेल तर आधी एवढा हिशेब करून बघा.

छटा फिकी घ्या. क्रीम, ऑफव्हाइट. गडद रंग एखाद्याला फार आवडतो, पण चौघांना नकोसा वाटतो.

ओल झाकायची की काढायची?

माझी घाई ती इथे. गच्चीच्या कठड्याखाली हातभर ओलीचा डाग होता. पेंटर म्हणाला, पुट्टीखाली झाकून जाईल, आणि मी हो म्हटलं. आठ दिवसांत तिथे फुगे आले. वर चढून पाहिलं तर कठड्याच्या सांध्यात बोटाएवढा पिंपळ उगवलेला, मुळं प्लास्टरच्या आत शिरलेली. वरून छाटून भागत नाही, पुन्हा फुटतो. सांधा फोडून मुळासकट काढावा लागला, मग फट भरली. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या बाजूने उतारही दिला, म्हणजे धुळीचं पाणी दर्शनी भिंतीवरून ओघळत नाही. समोरच्या भिंतींवर दिसतात त्या काळ्या उभ्या रेघा बहुधा उतार बाहेरच्या बाजूला असल्याने येतात. तो कोपरा दुसऱ्यांदा रंगवायला लागला.

म्हणून पैसे कमी असतील तर रंगाचा दुसरा हात राहू द्या, पण ओल काढा.

नवं गेट की जुन्याला रंग?

जुन्याला रंग, जवळजवळ नेहमीच. नवं गेट किलोच्या भावाने पडतं, वर घडणावळ. आमचं गेट फक्त खालच्या पट्टीला गंजलं होतं, जिथे पाणी साचतं. पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर), एक रात्र मध्ये सोडून काळ्या ऑइल पेंटचे दोन हात, बिजागऱ्यांना ग्रीस. कर्रकर्र आवाज थांबला, तेवढ्याने गेट नवं वाटायला लागलं. पट्टीला भोकं पडली असतील तर तेवढाच तुकडा वेल्डिंग करून घ्या.

क्लॅडिंग, पेव्हर ब्लॉक

दोन्ही टाळा. क्लॅडिंग ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट. घेणारा बहुधा स्वतःच्या मनासारखं एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, करायचं ठरवूनच येतो. पेव्हरला खालची जमीन दाबून सपाट करावी लागते, नाहीतर ते खचतात. आम्ही शहाबादी फरशीवरचं शेवाळ घासून काढलं, फुटलेल्या दोन फरश्या बदलल्या, सांधे भरले.

जवळजवळ फुकटात झालेली कामं वेगळीच. लोंबणाऱ्या जुन्या केबल आणि गंजलेली डिश उतरवली. तुळशी वृंदावनाला गेरू दिला, वाळलेल्या तुळशीच्या जागी नवं रोप लावलं. दाराशी वाळकी तुळस बघून आत येणाऱ्याचं मन खट्टू होतं, हे आईचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

कधी करायचं?

आपल्याकडे पावसाळा जून ते सप्टेंबर. पितृपक्षात घराचे व्यवहार बहुतेक जण टाळतात, तेव्हा तो पंधरवडा दुरुस्तीला वापरा : सांधे, भेगा, वेल्डिंग. रंगाला मात्र चांगलं ऊन पडून भिंत वाळेपर्यंत थांबा. ऑक्टोबरच्या उन्हात इमल्शन छान बसतं आणि दिवाळीच्या पाडव्याला गिऱ्हाईक येतं तेव्हा घर तयार असतं. गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया धरायची असेल तर फेब्रुवारीत सुरुवात करा.

दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो फोनमध्ये ठेवा, सामानाची बिलंही. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी रंगाकडे ओझरतं पाहिलं आणि विचारलं, "कठड्याला ओल होती का हो कधी?" मी पिंपळाचा फोटो दाखवला. ते गच्चीवर गेले, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि खाली येऊन कागदपत्रं मागितली.