भाकरीपुरते थांबून चालत नाही: मधुमेहाच्या आहाराचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्यात कार्यालयातर्फे झालेल्या वार्षिक तपासणीत मला टाइप 2 मधुमेह असल्याचे समजले. रक्तातली उपाशीपोटीची साखर 168 (दर 100 मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये), जेवणानंतर दोन तासांनी 256 आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए1सी 8.4 टक्के, असे ते आकडे होते. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून अधिक आणि एचबीए1सी 6.5 टक्के किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, एवढे माहीत असल्यामुळे अहवाल वाचताना शंकेला जागाच उरली नाही. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली आणि एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. त्यांनी आखून दिलेला आहार मी तेव्हापासून पाळते आहे. आमचे घर ठाण्यात नौपाड्यात, मूळ कोकणातले, त्यामुळे दोन्ही वेळच्या भाताचे. माझी नोकरी ऐरोलीला आणि जेवणाचा डबा रोजचा. अशाच घरांतल्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

आहाराचे स्वरूप थोडक्यात असे. ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबिरीचा, पाव भाग डाळ, उसळ, अंडे, मासा किंवा पनीर यांचा, आणि उरलेला पाव भाग धान्याचा. खाण्याचा क्रमही ठरलेला आहे: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा आमटी, आणि भाकरी किंवा भात शेवटी. तंतुमय पदार्थ आणि प्रथिने आधी पोटात गेली की पोट सावकाश रिकामे होते आणि धान्यातला पिष्टमय भाग रक्तात हळूहळू उतरतो, असे बाईंनी समजावले. पदार्थ तेच ठेवून केवळ क्रम बदलला तरी दोन तासांनंतरचा आकडा बराच खाली येतो, हे मी माझ्या घरच्या, रक्तातली साखर मोजण्याच्या मीटरवर वारंवार पाहिले आहे.

मधुमेह झाला म्हटल्यावर प्रत्येकाने मला एकच सल्ला दिला: भात-पोळी सोडा आणि भाकरी खा. ज्वारी, बाजरी, नाचणी ही उत्तम धान्ये आहेत यात वाद नाही. 2023 हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून तर दुकानादुकानांत त्यांची पिठे, पोहे आणि बिस्किटे दिसू लागली आहेत. परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत पाहिले, तर 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके आहेत आणि गव्हाच्या कणकेत सुमारे 64. पांढऱ्या तांदळात ती सुमारे 78 आहेत. म्हणजे पोळी बंद करून तेवढ्याच पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या, तर साखरेच्या दृष्टीने फारसे काही घडत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासातून 2025 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्षही हेच सांगतो: आपल्या जेवणातली सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि पॉलिश केलेल्या धान्याच्या जागी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ आणल्याने धोका कमी झालेला दिसत नाही, कर्बोदकांचा एकूण वाटा घटवून तिथे डाळी-कडधान्ये आणि दूधदुभत्यातली प्रथिने आणली तर तो कमी दिसतो. हे वाचल्यावर बाईंनी भाकरीपेक्षा उसळीच्या वाटीवर एवढा भर का दिला होता, ते मला पुरते उमगले.

नाचणीच्या बाबतीत तर मीटरने अगदी स्पष्ट उत्तर दिले. मधुमेहाला नाचणी चांगली म्हणून पहिल्या महिन्यात मी सकाळी नाचणीची आंबील घेत असे, आणि त्यानंतर आकडा दोनशेच्या वर जाई. त्याच नाचणीची लहान भाकरी मटकीच्या उसळीबरोबर खाल्ली की तो 155 ते 165 च्या दरम्यान राही. बारीक दळलेले पीठ पाण्यात पातळ शिजवले की पचायला फार वेळ लागत नाही, आणि सोबत चावून खाण्यासारखे काहीच नसते. नाचणीत 100 ग्रॅममागे 350 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, त्यामुळे या वयात ती मला सोडायची नव्हती. आता आठवड्यातून दोनदा भाकरीच्या रूपाने खाते.

भाकरीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरी ती तांदळाची होत असे आणि ज्वारीची भाकरी मी पन्नाशीत शिकले. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे पीठ ताजे असणे फार महत्त्वाचे ठरते. जुन्या पिठाची विरी गेलेली असते. कितीही मळले तरी थापताना कडेने चिरा पडतात. जांभळी नाक्याच्या बाजारातून मालदांडी ज्वारी आणून मी एका वेळी दोनच किलोचे दळण देते आणि पीठ चाळून कोंडा फेकत नाही. एका भाकरीला वजनकाट्यावर 40 ग्रॅम पीठ घ्यायचे, कढत पाणी घालून तळहाताच्या टाचेने लोण्यासारखे मऊ होईपर्यंत मळायचे, पातळ थापायचे, तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकण्याच्या बेतात असतानाच उलटायची. पापुद्रा सुटला की भाकरी लहान असूनही खाल्ल्याचे समाधान मिळते. अशा एका भाकरीत सुमारे 27 ग्रॅम कर्बोदके असतात आणि मध्यम वाटीभर भातात जवळपास 30. हे दोन आकडे पाठ झाल्यापासून माझ्या जेवणातला सगळा हिशेब सोपा झाला आहे: एका जेवणाला एक भाकरी किंवा एक वाटी भात, आणि दोन्ही हवे असतील तर दोन्ही अर्धे.

भात मी सोडलेला नाही, आणि सोडावा असे कोणाला सांगणारही नाही. कोकणातल्या माणसाला भाताशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही, आणि जे पथ्य मनाविरुद्ध पाळावे लागते ते फार दिवस टिकत नाही. सासूबाईंना मात्र माझ्या ताटातला अर्धी वाटी भात पाहवत नसे. "अगं, एवढ्याने पोटाला काय आधार होणार? दुपारभर काम कशी करशील?" असे त्या रोज म्हणत. त्यांच्या पिढीने खाण्यात हात आखडता घेणे म्हणजे ओढगस्त असेच पाहिले आहे, त्यामुळे त्यांची काळजी मला समजत होती. मी त्यांना त्यांच्याच हातची कुळथाची पिठी मागितली. भातावर पातळ पिठी घेण्याची आमची रीत. आता वाटीभर दाटसर पिठी, पडवळाची किंवा लाल माठाची भाजी, तव्यावरचा बांगडा आणि अर्धी वाटी भात असे रात्रीचे जेवण असते. कुळीथ, बांगडा, माठ यांपैकी एकही वस्तू आमच्या घराला नवी नाही. निदानानंतर पहिल्याच आठवड्यात मला एके ठिकाणाहून छापील तक्ता मिळाला होता, त्यात ओट्स, किन्वा आणि अवाकाडो होते. तो प्रत्येक रुग्णाला सारखाच दिला जात होता. अशा तक्त्यांनी माणूस दोन आठवड्यांत कंटाळतो आणि दोष मात्र स्वतःला देतो, याचे मला फार वाईट वाटते.

डब्याने मला घरच्या जेवणापेक्षा जास्त त्रास दिला. पूर्वी तीन पोळ्या आणि सुकी भाजी नेली की काम भागत असे. आता दोन कप्पे भाजी आणि उसळ, तिसऱ्यात काकडी-गाजर, आणि वेगळ्या बाटलीत ताक. भाजी जास्त लागते म्हणजे चिरणेही जास्त. रविवारी गवार, घेवडा आणि फरसबी निवडून ठेवली नाही तर सकाळची गाडी चुकते. भाजीचा खर्चही वाढला आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. सायंकाळी ठाणे स्टेशनातून बाहेर पडल्यावर वड्याचा वास येतो आणि भूक खवळते, म्हणून चार वाजता मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे खाऊन ठेवते. स्टेशनात पोटात आग नसेल तर पाय आपसूक घराकडे वळतात. मिसळीची मात्र मी सोय करून घेतली आहे. ठाण्यात राहून मामलेदारची मिसळ कायमची बंद करणे मला मान्य नव्हते. फरसाण थोडे, पाव अर्धा आणि मटकी जास्त, अशी महिन्यातून एकदा खाते.

मीटरबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याच्याशिवाय हा आहार अंधारात पाळल्यासारखा झाला असता. यंत्र स्वस्त मिळते, खर्च रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांचा होतो. मी रोज तपासत नाही. नवीन पदार्थ किंवा नवीन प्रमाण आजमावायचे असेल तेव्हा पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी तपासते आणि वहीत पदार्थासह नोंद करते. घरगुती मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात 100 च्या वरच्या आकड्यांना 15 टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे 148 आणि 158 यांत भेद करत बसण्यात अर्थ नाही. 150 आणि 210 यांतला फरक मात्र खरा असतो. हात साबणाने धुऊन कोरडे करणे अत्यंत महत्त्वाचे आहे. फळ चिरल्यानंतर तसेच बोट टोचले तर त्वचेवरची साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि भलताच आकडा येतो. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावी, दुखत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने पट्ट्या खराब होतात, म्हणून डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे.

उपवास हा या आहारातला सर्वांत अवघड भाग ठरला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीनंतर माझा आकडा 240 झाला होता, आणि वरईच्या तांदळाने तो थोडाच कमी आला. आता चतुर्थीला राजगिऱ्याचे थालीपीठ, दही, काकडीची कोशिंबीर आणि मोजके दाणे एवढ्यावर उपवास होतो आणि देवाचे काही कमी केले असे मला वाटत नाही. गणपतीत जेवणाच्या शेवटी तूप घालून एक उकडीचा मोदक घेतला, त्या वेळचा भात पूर्ण वगळला, आणि जेवणानंतर तलावपाळीला पाऊण तास चालून आले. आकडा 172 होता. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट पाहत नाहीत, त्यामुळे जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटेही उपयोगी पडतात. गुळाबद्दल मात्र लोकांचा समज दूर व्हायला हवा. गूळ हा बहुतांशी साखरच आहे, आणि संक्रांतीच्या गुळाच्या लाडवाला मधुमेहात वेगळी सवलत नाही. शुगर फ्री म्हणून विकली जाणारी बिस्किटे बहुतेकदा मैद्याची असतात. मी ती घरात आणणे बंद केले.

त्रासही झाला. पहिले तीन-चार आठवडे कडधान्यांमुळे पोट फुगत असे आणि त्यातच मेटफॉर्मिनने मळमळ होई, त्यामुळे नेमके कशाने होते आहे तेच कळत नव्हते. डॉक्टरांनी गोळी जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, मी मटकी-मूग मोड आणून आणि हिंग-आले घालून नीट शिजवू लागले, आणि दोन्ही त्रास कमी झाले. ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून तेही तपासून घेतले. कारल्याचा रस आणि मेथीच्या दाण्यांचे पाणी मला अनेकांनी सुचवले. मेथी मी भाजीत खाते, रस घेत नाही.

आजचे आकडे: उपाशीपोटी 108 ते 118, जेवणानंतर बहुतेक वेळा 160 च्या आत, एचबीए1सी 6.6 टक्के, आणि वजन पाच किलोंनी कमी. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असल्यामुळे एचबीए1सीमध्ये फरक दिसायला तीन महिने जातात. त्याआधी निराश होऊ नये. गोळीचे प्रमाण डॉक्टरांनी तूर्त तेच ठेवले आहे आणि ते मी स्वतःहून बदललेले नाही.

हा आहार सुरू करू पाहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मेटफॉर्मिनने सहसा एकट्याने साखर धोकादायक रीतीने खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना धान्य एकदम निम्मे केले तर ती 70 च्या खाली जाऊ शकते. हात थरथरणे, दरदरून घाम येणे, डोके सुन्न होणे ही लक्षणे दिसली तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शेजारच्या इमारतीतल्या एका काकांना हे प्रत्यक्ष झाले. माझा डबा पाहून त्यांनी डॉक्टरांना न विचारताच भात बंद केला होता. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी विचारणे तितकेच गरजेचे आहे. काकांच्या गोळीचे प्रमाण आता कमी झाले आहे, आणि त्यांच्या डब्यात अर्धी वाटी भात परत आला आहे.