फ्लेमिंगोंची दुर्बीण हिलालच्या सामन्याला : ८×४२ वापरून पाहिली

दुर्बीण माझी नाही, बायकोची आहे, हे आधीच सांगून टाकतो. तिने ती फ्लेमिंगोंसाठी घेतली. थंडी पडली की मे महिन्यापर्यंत तिचे रविवार ऐरोलीच्या खाडीत नाहीतर सीवूड्सच्या पाणथळीवर जातात आणि माझे तिला सोडण्या-आणण्यात. ठाण्यात गोखले रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानातून सात हजार दोनशेला घेतली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतल्या सगळ्या दुर्बिणी एकमेकींच्या मावसबहिणी असतात, माप बघून घ्यायच्या. हिचं माप आठ बाय बेचाळीस, म्हणजे आठपट जवळ आणणारी आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं.

मी तिची परीक्षा पक्ष्यांवर केलेली नाही. ६ नोव्हेंबर २०२३ ला, सोमवारी, ती गळ्यात अडकवून लेकीबरोबर नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमला गेलो. आपली मुंबई सिटी विरुद्ध सौदी अरेबियाचा अल हिलाल, एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा. आपण ०-२ हरलो. दुर्बिणीचं काय झालं ते सांगतो.

‘फुटबॉलला दुर्बीण? रेसकोर्सला चाललायस का?’ असं शेजारच्याने लिफ्टमध्ये विचारलं होतं. त्याच्यासाठी हिशेब देतो. मी महाप्याला एमआयडीसीत गेज तपासायचं काम करतो, त्यामुळे मापं काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. डी. वाय. मुळात क्रिकेटचं मैदान. खांब कुठेही मध्ये येत नाहीत, बसायला झकास, पण क्रिकेटचं मैदान गोल आणि फुटबॉलचं चौकोनी. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटर. क्रिकेटचं वर्तुळ ढोबळ १४० मीटर व्यासाचं धरलं, तर बाजूच्या रेषेच्या बाहेर पस्तीसेक मीटर नुसतं गवत उरतं. मग सीमारेषा, मग जाळी, मग पहिली रांग. आणि पहिल्या रांगेत आपण कधी बसलोय? वरच्या मजल्यावरून पलीकडच्या कोपऱ्यातला झेंडा दीडशे मीटरवर पडतो. आठपट जवळ आणला की एकोणीस मीटर. म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या जिन्यापासून गेटपर्यंत. गेटवर कोण उभा आहे, त्याने दाढी केलीय की नाही, हे जिन्यातून दिसतं.

या मैदानाशी माझं जुनं नातं आहे. २०१४ साली इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमात पुण्याला इथे ५-० हरवलं, तेव्हा मी होतो. आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक केली होती, लीगमधली पहिली. मला वाटलं, हे आता दर आठवड्याला होणार. झालं नाही. पुढे २०१६ ला संघ अंधेरीला गेला, मग ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो. २०२१ मध्ये आपण शिल्ड (साखळीत पहिलं आल्याची) आणि कप (अंतिम सामन्याचा) दोन्ही घेतले, तर सगळे सामने गोव्यात, करोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये. अंतिम सामन्यात बिपिनने नव्वदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा मी सोफ्यावर होतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काठीने छत ठोकलं होतं. २०२३ ची शिल्डही गोव्यातच पक्की झाली. म्हणजे जिंकताना टीव्ही आणि हरताना मी प्रत्यक्ष हजर, अशी आमची वाटणी आहे.

लेकीला खरं तर नेमार बघायचा होता. ऑगस्टमध्ये गट जाहीर झाले आणि हिलाल आपल्या गटात आला, तेव्हा तिने घरभर उड्या मारल्या. त्याच महिन्यात नेमार हिलालकडे गेला होता. आपले त्या स्पर्धेतले घरचे सामने पुण्यात बालेवाडीला होते, पण हा एक नेरूळला. ट्रान्स हार्बरने अर्ध्या तासात! मग ऑक्टोबरमध्ये उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला. ‘बाबा, आता तू एकटाच जा,’ असं म्हणून ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘येते. पण आईची दुर्बीण घेऊ.’ दोन आठवडे आधी रियाधला आपण ०-६ हरलो होतो, तेव्हा जवळून बघण्यासारखं काय असणार होतं, हे मी तिला विचारलं नाही.

आता वस्तूबद्दल. वजन पाऊण किलोच्या आसपास. हातात धरल्यावर चांगलं वाटतं, गळ्यात अडकवून ठाणे ते नेरूळ उभं राहून प्रवास केला की वाटत नाही. सोबत येणारा पट्टा कापतो, तो पहिल्या दिवशी बदला. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप फिरवून आत बसवायचे, नाहीतर चित्राच्या कडा खाल्ल्या जातात. मला हे पूर्वार्ध अर्धा संपल्यावर कळलं. तोवर मी सामना पाइपातून बघत होतो.

उजेडाची काळजी नको. बेचाळीसला आठाने भागा, सव्वापाच मिलिमीटर येतात. तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो, फ्लडलाइटखाली भरपूर झाला. खिशात मावणाऱ्या दहा बाय पंचवीसमध्ये तो अडीच मिलिमीटरवर येतो, शिवाय दहापट मोठं केलं की हाताचा कंपही दहापट. आपला बचाव आधीच थरथरत असताना त्यात आपली भर कशाला? त्या आठवड्यात मुंबईची हवाही वाईट होती, दिव्यांच्या झोतात धुरकं तरंगताना दिसायचं. दुर्बीण धुरकंही आठपट जवळ आणते. त्याला इलाज नाही.

दुर्बिणीने मला काय दिलं? चेंडू नसलेली माणसं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की खेळ तिथेच चाललाय. मी पहिली वीस मिनिटं हिलालच्या मित्रोविचला भिंगात धरून बसलो. रियाधला त्याने आपल्याला तीन गोल मारले होते. हा माणूस धावत नाही हो! चेंडू पलीकडच्या बाजूला असताना हा आपल्या बचावपटूच्या पाठीला पाठ लावून उभा, घरातलं कपाट सरकवावं तसा त्याला इंचाइंचाने सरकवतो. आपला खेळाडू मान वळवून बघतो की हा दोन पावलं मागे, परत चेंडूकडे बघतो की हा परत चिकटला. वीस मिनिटांत चेंडू त्या दोघांकडे फारसा आलाही नाही, पण दमणूक चालूच. लेकीला दाखवलं तर म्हणाली, ‘बाबा, शाळेच्या बसमध्ये सीटसाठी असंच करतात.’

मध्यंतराला ०-०. सहा गोल खाल्लेला संघ त्याच लोकांना पंचेचाळीस मिनिटं अडवून धरतो, म्हणून सगळं स्टेडियम आकाशी निळ्या झेंड्यांसकट उभं होतं. आमच्या मागे उरणहून आलेले एक काका होते, वयाने साठीचे, पांढरा सदरा, सोबत नातू. त्यांनी खांद्यावर टपली मारून दुर्बीण मागितली. ‘जरा देता काय? फकस्त आपल्या पोरांचे पाय बघायचे हायेत.’ मैदानाच्या कडेला आपली पोरं पाणी पीत होती. काकांनी बराच वेळ बघितलं आणि दुर्बीण परत देत म्हणाले, ‘पोटऱ्या गेल्या. हात लावतायत सारखे. घंटाभर टिकतील, नंतर नाय.’ काका तरुणपणी गावच्या कबड्डी संघात होते, असं नंतर समजलं. आठपट भिंगातून मी पाऊण तास बघून मला जे दिसलं नव्हतं, ते त्यांना एका मिनिटात दिसलं. दुर्बिणीच्या खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. परत आली तेव्हा फोकसच्या चाकाला वड्याचं तेल लागलेलं होतं, तेही नोंदवतो. रबरावरचं तेल साबणाच्या पाण्याने निघतं, भिंगावरचं निघेपर्यंत जीव जातो.

आणि मग माझी चूक. उत्तरार्धात चेंडू आपल्या गोलकडेच जास्त होता, आणि एका टोकाला गर्दी असताना दुसऱ्या टोकाचा गोलकीपर काय करतो, याचं मला लहानपणापासून कुतूहल आहे. म्हणून भिंग पलीकडे वळवलं. हिलालचा गोलकीपर एकटा, आजूबाजूला चाळीस मीटर हिरवळ. मोजे वर ओढतोय, हातमोज्यांचे पट्टे काढतोय, लावतोय. मी अगदी रंगून गेलो होतो. तेवढ्यात सगळ्या स्टेडियममधून एक आवाज आला. घरच्या मैदानावर पाहुण्यांनी गोल मारल्यावर येतो तो. ओरडा नसतो, हजारो लोकांनी एकदम श्वास सोडल्यासारखा असतो. भिंगात गोलकीपर. मी दुर्बीण खाली घेईपर्यंत सगळं संपलं होतं. बासष्टावं मिनिट, ब्राझीलचा मायकल. काकांचा घंटा दोन मिनिटांनी चुकला.

लेकीने माझ्याकडे बघितलं. ‘तू बघितलास?’
‘नाही.’
‘बाबा!’

याचाही हिशेब आहे. या मापाच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण एकशे तीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. म्हणजे शंभर मीटरवर तेरा. १०५ मीटरच्या मैदानातले तेरा मीटर तुम्ही बघता आणि बाकीचं वाऱ्यावर सोडता. फ्लेमिंगोंना हे चालतं, ते चिखलात मान घालून तासभर एका जागी उभे असतात. म्हणून सांगतो, चेंडू आपल्या डीपासून, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनापासून, तीस मीटरच्या आत आला की दुर्बीण गळ्यात. मग उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि जे होईल ते भोगायचं. पंच्याऐंशीव्या मिनिटाचा मित्रोविचचा दुसरा गोल मी असाच पाहिला, छोट्या छोट्या माणसांनी केलेला. तो जास्त लागला. भिंगातून बघताना आपण थोडे सुरक्षित असतो, बहुतेक.

शिट्टी वाजल्यावर माणसं उठून जिन्यांकडे निघाली, शेवटची लोकल हुकेल म्हणून. आम्ही बसून राहिलो. मला हरल्यावर लगेच उठता येत नाही, अंत्ययात्रेतून चपला शोधत पहिलं निघाल्यासारखं वाटतं. आणि दुर्बिणीने सर्वांत चांगलं काम केलं ते या दहा मिनिटांत. चेंडूच नव्हता, त्यामुळे काही हुकण्याची भीती नव्हती. आपल्यातला एकजण, नाव घेत नाही, गुडघ्यावर हात ठेवून गवताकडे बघत होता. त्याच्या गुडघ्यापासून मोज्यापर्यंत चुन्याची पांढरी रेघ उमटली होती, डीच्या रेषेवर घसरल्याची. त्याने ती अंगठ्याने पुसायला घेतली. थुंकी लावून. निघेना तेव्हा सोडून दिली आणि उरलेल्या प्रेक्षकांसाठी हात वर करून टाळ्या वाजवत निघाला. दोन्ही हात डोक्यावर, पण टाळी मंद, भजनात शेवटच्या फेरीला वाजवतात तशी. वरून नुसत्या डोळ्यांनी ‘खेळाडूंनी प्रेक्षकांना अभिवादन केलं’ इतकंच दिसलं असतं. लेकीने दुर्बीण काढून घेतली आणि तो बोगद्यात जाईपर्यंत त्याला सोडलं नाही. परतताना नेरूळ ते ठाणे ती नेमारबद्दल एक शब्द बोलली नाही.

ऑफिसमध्ये दुसऱ्या दिवशी दोन-शून्यबद्दल विचारणारा कोणी भेटला नाही. क्रिकेटचा विश्वचषक चालू होता आणि त्याच सोमवारी दिल्लीत अँजेलो मॅथ्यूज टाइम्ड आउट झाला होता, सगळे हेल्मेटच्या पट्ट्यावर भांडत होते. बुधवारी मॅक्सवेलच्या २०१ शिवाय विषय नव्हता. गटातले सहाच्या सहा सामने आपण हरलो, हे मी डिसेंबरमध्ये कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, ‘कोण आपण?’

तर घ्यावी का? अंधेरीच्या मैदानात गरज नाही, तिथे प्रेक्षक रेषेच्या इतके जवळ बसतात की खेळाडूंच्या शिव्याही ऐकू येतात. गोल मैदानात, वरच्या मजल्यावर, सोबत कोणीतरी असेल तर जरूर. एकट्याने गेलात तर गोल हुकल्यावर ‘कसा झाला?’ हे अनोळखी माणसाला विचारावं लागतं आणि तो चिडलेला असतो. आठ बाय बेचाळीसच घ्या. पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा पट्ट्यासाठी कापला, एक बासष्टाव्या मिनिटासाठी, त्यात दुर्बिणीचा दोष नसला तरी.

एक राहिलं. उजव्या डोळ्याच्या भिंगापाशी एक बारीक कडी असते, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवायला. बायकोने तिचा नंबर जुळवून तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका काढून ठेवला होता. मी स्टेडियममध्ये ती फिरवली आणि विसरलो. जानेवारीत ऐरोलीला ती पहिल्यांदा डोळ्याला लावून म्हणाली, ‘अहो, ही कोणी फिरवली? सगळे पक्षी पुसल्यासारखे दिसतायत.’ आता लाल ठिपक्याच्या बाजूला लेकीने माझा निळा ठिपका काढून दिलाय. सामना संपला की कडी लालवर आणून ठेवायची, या अटीवर दुर्बीण मिळते.