इतवारीतलं जुन्या पेपरांचं दुकान, सिनेमाच्या जाहिराती जमवणाऱ्यांसाठी

नागपुरात इतवारीच्या एका गल्लीत हे दुकान आहे, पाटी वगैरे काही नाही, बाहेरून पाह्यलं तर साधं रद्दीचंच वाटते. पण आतल्या खोलीत वर्षावार बांधलेले गठ्ठे आहेत, तरुण भारत, हितवाद, लोकमत, मुंबईचे पण काही, आणि सिनेमाचं पान असलेले अंक दुकानदार काकांनी वेगळे काढून ठेवले आहेत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काका जाहिरात कापून देत नाहीत, घ्यायचं तर अख्खं पान घ्या. ऑनलाइन विकणारे बरेच जण फ्रेममध्ये छान दिसावं म्हणून चौकोन कापून देतात, पण मग तारीखही गेली, कोणत्या गावची आवृत्ती तेही गेलं. जुने पिक्चर पुन्हापुन्हा लागायचे, त्यामुळं तारखेशिवाय ती पहिल्या रिलीजची जाहिरात आहे का नंतरची हे कळणार कसं? शोलेचंच घ्या ना, मुंबईत १५ ऑगस्ट १९७५ ला लागला पण आपल्या सीपी-बेरार सर्किटात (नागपूर ज्यात येते तो पिक्चर वाटपाचा विभाग) ऑक्टोबरात आला, म्हणजे नागपूरच्या पेपरात ‘आजपासून’ पाहिजे असेल तर ऑगस्टचे गठ्ठे उचकून काही उपयोग नाही. ही माहिती मला काकांनीच दिली, आणि असं सांगणारा दुकानदार आजकाल भेटत नाही.

पिंजराची जाहिरात असलेलं एक पान मी घेतलं. अक्षरं हातानं काढलेली, चेहऱ्याच्या जागी जाड ठिपक्यांचा काळा डाग, खाली टॉकीजचं नाव, रोज ३, ६, ९, आणि बाजूलाच गव्हाच्या बाजारभावाचा रकाना. मागून बोट फिरवलं तर छपाईच्या खिळ्यांचा उठाव लागते हाताला. लिबर्टी, रीगल, पंचशील, जानकी ही टॉकीजची नावं त्या काळच्या पानांवर अशी एकाखाली एक वाचली ना, की अख्खं शहर समोर उभं राहते.

अस्सल ओळखायला भिंग घेऊन जा. एका ऑनलाइन विक्रेत्यानं मला जुनं पान म्हणून कलर झेरॉक्स पाठवली होती, भिंगाखाली कागदाच्या पिवळेपणातच गुलाबी-निळे बारीक ठिपके दिसले. खऱ्या पानात पिवळेपणा कागदाचा असतो, छापलेला नसतो, आणि मागची बाजू पण त्याच अंकाची असते. इथं काका स्वतः पान उलटं करून दाखवतात, घाई करत नाहीत.

भाव ठीक आहे. साधं पान शंभराच्या आत, गाजलेल्या पिक्चरचं चारपाचशे, घासाघीस थोडीफार चालते, पण फाटलेल्या पानाचा भाव काका स्वतःच कमी सांगतात.

आता तक्रार. उन्हाळ्यात कूलर अगदी गठ्ठ्यांच्या तोंडाशी सुरू असते, खालचे अंक दमट होऊन कडेनं काळे पडून राहिले, हे पाहून जीव तुटतो हो. न्यूजप्रिंट, म्हणजे पेपरचा कागद, लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निन नावाच्या लाकडातल्या द्रव्यामुळं उजेडात आणि हवेत तो आपोआपच पिवळा आणि ठिसूळ होते, त्यात ओल लागली की कसर अन् बुरशी आलीच. काही पानांना सेलोटेप लावला आहे, तो काढायला गेलं की अक्षरं सोबत निघतात. काकांना मी दोन्ही गोष्टी बोललो, कूलर सरकवतो म्हणाले. सरकवाच काका, असे अंक पुन्हा छापून येणार नाहीत.

घेतल्यावर लॅमिनेशन मात्र करू नका, ते नंतर निघत नाही. अ‍ॅसिड-फ्री फोल्डरमध्ये आडवं ठेवा, उन्हापासून आणि कूलरच्या खोलीपासून दूर. जाताना पानाच्या मापाचे दोन पुठ्ठे न्या, दुकानात पान चार घड्या करून देतात आणि नेमकं घडीवरच ते तुटते. दुपारी जेवणाच्या वेळी दुकान बंद असते, सकाळी गेलात तर काका निवांत गठ्ठे सोडून दाखवतात.