गळका कार्ब्युरेटर: किट घालावं की नवाच बसवावा?

दिवाळी आटोपली की गोव्यातल्या सत्तरी-फोंड्याकडच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, पाण्याचे पंप पुन्हा बाहेर निघतात. जूनपासून पडवीत पडून राहिलेलं जुनं पेट्रोल इंजिन, टाकीत पावसाळ्याआधीचंच पेट्रोल, आणि पेट्रोलचा कॉक उघडताच कार्ब्युरेटरखाली थेंब-थेंब. दुकानदार म्हणतो नवा घाला, मेस्त्री म्हणतो किटनं, म्हणजे नीडल-गॅस्केटसारख्या सुट्या भागांच्या संचानं, भागेल. दोघांपैकी कुणाचंही खरं असू शकतं. ते ठरवायचं इंजिनाच्या वयावरून नाही, तर आतली नीडल (येणारं पेट्रोल अडवणारी सुई) जिथे टेकते त्या सीटवरून.

आधी गळतं कुठून ते पाहा. कार्ब्युरेटर कोरडा पुसा, कॉक उघडा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. पाइपाच्या टोकाशी ओल आली तर कार्ब्युरेटरचा दोषच नाही. कडक झालेला पाइप कापून नवा घाला. खालच्या वाटीच्या कडेने झिरपत असेल तर गॅस्केट गेलं. वाटीच्या बुडाच्या बोल्टातून थेंब येत असेल तर वायसर. ही कामं किरकोळ आहेत, त्यासाठी नव्या कार्ब्युरेटरचं नावही काढू नये. पेट्रोल एअर फिल्टरच्या बाजूने किंवा ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल, तर मात्र नीडल पेट्रोल अडवत नाही, आणि किट की नवा हा खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

वाटी उघडून फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून नीडल वर ढकलणारा पोकळ तुकडा, कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलेला. बुडालेला फ्लोट नीडल वर ढकलणार कसा? फ्लोट ठीक असेल तर नीडलचं टोक उजेडात धरा. रबरी टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर नीडल बदलायची. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा! चार महिन्यांनी वाटीच्या तळाशी पाणी आणि पांढरी भुकटी सापडते ती यामुळेच.

उरली सीट. कापसाच्या काडीला थोडं ब्रासो लावून ती हलक्या हाताने फिरवा आणि स्वच्छ धुऊन घ्या. मग नवी नीडल आणि फ्लोट बसवून कार्ब्युरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंका. हवा पूर्ण अडली तर काम झालं. थोडीही सुटत असेल तर सीटला चर पडलेला आहे. काही जुन्या कार्ब्युरेटरांत सीट पितळेची, आट्यांची असते. ती काढून दुसरी बसवता येते. पण आजच्या बऱ्याच छोट्या होंडा आणि त्यांच्या नकली इंजिनांत ती बॉडीतच कोरलेली असते. तिथे चर म्हणजे नवा कार्ब्युरेटर, दुसरा इलाज नाही. वाटीवरची बॉडी गंजाने खाल्ली असेल तरीही तेच.

थोडक्यात, सीट धड असेपर्यंत किट. ते स्वस्त पडतं, जुळलेला मूळ जेट (पेट्रोल मापात सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) जागेवर राहतो आणि हात बसलेला असेल तर तासाभराचं काम. पण जेटमध्ये तार खुपसू नका. भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल जास्त पिणार. कॉम्प्रेसरच्या हवेने मारलेला फटका पुरे.

नवा घ्यायची वेळ आलीच, तर डुप्लिकेट की ओरिजिनल? म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या दुकानात डुप्लिकेट मूळच्याच्या कितीतरी कमी भावात मिळतो, आणि गळती सहसा थांबते. पण कुरकुर पुढे सुरू होते. जेट वेगळ्या मापाचा निघाला तर रिकाम्यावर इंजिन खालीवर होत राहतं, चोकची दांडी जुळत नाही. रोज तासन् तास चालणाऱ्या पंपाला मी ओरिजिनलच घालीन. आठवड्यातून एकदा फवारणीपुरतं इंजिन असेल, तर डुप्लिकेट चालेल. मात्र जुना कार्ब्युरेटर भंगारात टाकण्याआधी त्याच्या जेटवरचा आकडा नव्याशी ताडून पाहा, आणि बसला तर जुनाच जेट नव्यात घाला.

टाकीच्या तळाशी गंजाची भुकटी असेल तर यांतला कुठलाच पर्याय टिकणार नाही. एक कण नीडलखाली अडकला की पुन्हा तीच गळती. टाकी धुऊन कॉकमधली जाळी बदलल्याशिवाय एकही पैसा कार्ब्युरेटरवर घालू नका.

आणि दुरुस्तीनंतर लगेच दोरी ओढू नका. फोर-स्ट्रोक इंजिनात ओसंडलेलं पेट्रोल सिलिंडरवाटे ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या: पातळी वाढलेली, ऑइल पातळ आणि पेट्रोलचा वास असेल तर आधी ते बदला, मगच इंजिन चालू करा.